आभायनी बाईचा चौथा भाग

"तिसरा भाग झायाच नै आसं धरानं म्हंजे काय रे भो? झाया ना तो. हयद लागनी, पंगती उठन्यात, नवरदेव आठेच बठेल शे, भेंडी चिरी ऱ्हायना. दख त्याले."

प्रमिलाबाईंनी दाखवलं तिकडं आशिषने बघितलं. रमाकांतकाका खरोखरच भिंतीला पाठ लावून भेंडी चिरत बसले होते, पण सुरी थांबली होती. त्यांनी मान वर केली नाही. भेंडीकडे बघतच म्हणाले, "मंग मी कोन?"

आशिष जरा गडबडला. "तसं नाही काका. तुमचं लग्न झालंय, ते आहेच. सिनेमात झालं नाही, एवढंच धरायचं."

"मन्हं लगीन सिनेमामाच झायं, भो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

आणि ते अगदी खरं होतं.

प्रमिलाबाईंची मेस सिल्वासाजवळ मसाटला, सुताच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. बाकीच्या मेसा रविवारी संध्याकाळी बंद असतात. ही नसते, कारण सुताची मशिनं रविवारी थांबत नाहीत, आणि मशीन चालू तर माणूस भुकेला. बाईंचा आवाज असा, की गल्लीत टेम्पो आडवा लागला तर लोक हॉर्न वाजवत बसत नाहीत, सरळ येऊन बाईंना सांगतात. त्या मूळच्या साक्रीकडच्या. थोरल्या भावामागोमाग इकडं आल्या तेव्हा विशीतही नव्हत्या आणि कोन पॅकिंगला लागल्या. कोन म्हणजे ज्याच्यावर सूत गुंडाळतात ती पुठ्ठ्याची निमुळती नळी. रमाकांत त्याच कारखान्यात मशीनवर होता. आणि तिसरा भास्कर. त्याचा किलवणी नाक्यावर फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ नावाला, खरा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. तिघंही खानदेशातले. चातुर्मासात लग्नं नसतात. कॅमेरा रिकामा, भास्करचं डोकंही रिकामं. त्या रिकामपणातून आभायनी बाई जन्माला आली.

अहिराणीत आभाळाला आभाय म्हणतात. आभायनी बाई म्हणजे वरून आलेली. तिच्या ग्रहावरचं सूत संपलेलं असतं, तिकडं सगळे उघडेनागडे व्हायच्या बेतात, म्हणून ती मसाटला उतरते. ही गोष्ट कुणाला येडपट वाटेल. पण काढणाऱ्यांजवळ सूत सोडून दुसरं काही नव्हतंच, मग ग्रहावर दुसरं काय संपणार? यान म्हणजे दोन पराती तोंडाला तोंड लावून, भोवती कोन चिकटवून, आंब्याच्या फांदीला पॉलिस्टरच्या सुतानं टांगलेलं. ते सूत काही तुटेना, पण उन्हात चमके आणि पडद्यावर सरळ दिसे. भास्करने सांगून टाकलं की ती किरणं आहेत. बाईचे कपडे वेफरच्या पाकिटांच्या कारखान्यातल्या नापास रोलचे, आरशासारखे. दोन शॉट झाले की आत प्रमिला वरणासारखी शिजून निघायची.

गंमत म्हणजे आकाशातली बाई अस्सल अहिराणी बोलायची, आणि जमिनीवरची माणसं कारखान्यातली हिंदी-गुजराती. बघणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वरची भाषा आपलीच असणार, एवढी खात्री आमच्या खानदेशी माणसाला आईच्या पोटातच होते. बाई हात वर करायची, "हालू नको रे, भुईवाला," म्हणायची आणि समोरचा जागच्या जागी थिजायचा. थिजायला माणसं पुष्कळ मिळाली, कारण उभं राहण्यापलीकडं अभिनय कुणाला येत नव्हता.

सीडी चाळीचाळीत फिरली. वापीला गेली, सुरतेला गेली, गाववाल्यांच्या पिशव्यांतून धुळ्याला पोचली. पोरं रस्त्यात हात वर करून एकमेकांना थिजवायला लागली. पण बायांचं समाधान होईना. पोरगी एवढ्या लांबून एकटी आली, तिचे आईबाप कोण? भाऊ आहे का नाही? झोपते कुठं? भास्करला भाजीबाजारात गाठून बाया विचारायच्या. शेवटी दुसऱ्या भागात, ‘आभायनी बाई परत उनी’त, तिला एक भाऊ दिला. तो यानातून नुसता हात हलवायचा. तेवढ्यानंही पुष्कळ शांतता झाली. मग पुढचा प्रश्न आला, लगीन कधी?

तोवर इकडं प्रमिला आणि रमाकांतचं जमलेलं होतं. दोन्ही घरचे तयार झाले. शूटिंग अर्थातच भास्करकडं. भास्करने विचार केला, मांडव आयता, पाहुणे आयते, बँड आणि पंगत आयती, नवरीच्या डोक्यावर आभायनी बाईचा मुकुट ठेवला की तिसरा भाग तयार. प्रमिलाच्या आईने एकच अट घातली, साडी हळदीची पिवळीच पाहिजे, चांदी काय ती डोक्यावर. म्हणून आभायनी बाई पिवळ्या साडीत आणि रुपेरी मुकुटात बोहल्यावर उभी राहिली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. कारखान्यातले अर्धे लोक शूटिंगच समजून आलेले. अक्षता पडल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकजण भटजींना विचारत होता की परत एकदा घेणार का. त्यांच्यातल्या एकानंही आहेर आणला नाही. शूटिंगला आहेर कोण आणतं? पाठवणीच्या वेळी प्रमिला खरी रडली. भास्करने त्यावर मागून ढगांचा गडगडाट टाकला.

सिनेमा पडला. जे लग्नात जेवले होते त्यांनी स्वतःला शोधायला पुन्हा पुन्हा पाहिला. बाकीच्यांनी, ही तर लग्नाची कॅसेट आहे, म्हणून परत केला. पुढं चौथा भाग निघालाच नाही. बाई संसाराला लागली, मग मेसच्या मागं लागली.

त्या लग्नाचा फोटो नाही, दुसरी कॅसेट नाही. जे आहे ते तिसऱ्या भागातच आहे.

आता हा आशिष. नाशिकचा पोरगा, लहानपणी सुट्टीत सिल्वासाला मामाकडं यायचा. त्या सुट्ट्यांत त्यानं पहिला भाग पाहून पाहून सीडीला चरे पाडले. पुढं इंजिनिअर झाला, खडोलीच्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागला, मित्राबरोबर मसाटला जेवायला आला, तर वाढणारी बाई तीच. त्याचा घास हातातच राहिला. बाईंना वाटलं, भाजी खारट झाली.

त्यानं पहिल्या भागातला एक तुकडा मोबाइलवर टाकला. बाईंनी हात वर केला आणि कुठले कुठले लोक थिजले. पुण्यातली पोरं, दुबईतली पोरं, अहिराणी न कळणारीही. तेव्हापासून आशिषच्या डोक्यात बसलं की ही मालिका नव्यानं काढायची. नव्या पोरांसाठी, चांगल्या कॅमेऱ्यावर, यान कॉम्प्युटरवर. ‘आभायनी बाई’ हे नाव भास्करचं होतं. भास्कर आता थकला, गुडघे गेले, पण नाव द्यायला त्यानं एकच अट घातली, कॅमेरा मी धरणार.

हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. माळ्यावरून मुकुट उतरवला. आंघोळ झाल्यावर दार लोटून डोक्यावर ठेवून बघितला. पूर्वी दाट केसांमुळं तो घसरायचा, आता केस कमी झाले तर छान बसला. रमाकांतकाकांनी फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली दिसस." एवढ्यावर बाईंनी ठरवून टाकलं. आभायनी बाई आपणच. दुसरी आहेच कोण?

आणि मग आशिष आला तो हे घेऊन. नवी बाई म्हणून सोनम. खडोलीलाच लॅबमध्ये काम करणारी, बोलकी, धीट पोरगी, मोबाइलवर नाचाचे तुकडे टाकते, तिला बघणारे पुष्कळ. प्रमिलाबाईंना मानाचं काम. डोंगरावरची एक म्हातारी, ती सोनमला आपली शक्ती देते आणि मरते.

"मरस?" बाईंनी विचारलं.

"हो मावशी. पण तुमच्या मरण्यानंच गोष्ट सुरू होते."

"आखाजी तोंडवर शे, आन तू माले मारी ऱ्हायना."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्यांना त्या दिवशी सोनं आठवतं, खानदेशात लेकी आठवतात. माहेरचा मुराळी येतो, लेकीला घेऊन जातो, झाडाला झोके बांधतात, पोरी दोन दिवस सासर विसरतात. कारखान्याला मात्र आखाजीची सुट्टी नसते. मसाटच्या चाळीतल्या बाया त्या आठवड्यात एकमेकींना विचारतात, तुला न्यायला कोण येणार? उत्तर माहीत असूनही विचारतात, आणि ड्युटीवर जातात.

आशिषने आपली बाजू मांडली. तोही काही उगाच बोलत नव्हता. तिसरा भाग लोकांना आवडला नव्हता, हे भास्करही कबूल करत होता. आजच्या मुलींना असली बाई नको जी हात वर करून माणसं थिजवते आणि मग लग्न करून गप बसते. त्यांना स्वतःच्या जोरावरची पाहिजे, कुणाची कुणी नसलेली. म्हणून पहिले दोन भाग धरायचे, तिसरा नाही. मोठमोठे सिनेमावालेही असंच करतात, नको तो भाग पुसतात आणि पुढं जातात.

"कोनीच कोनी नै?" बाई म्हणाल्या. "मंग ती हिंडस कसाले? खाली येस कोनाकडे?"

त्यावर आशिष हसला, आणि हसला म्हणून बाई चिडल्या. मी मरणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. शूटिंगच्या जेवणाचे डबे पाठवीन, मोजून घे, भांडी परत पाहिजेत. बाकी तुला जी बाई उभी करायची ती कर.

रमाकांतकाका त्या दिवसापासून बोलेनासे झाले. डबे पोचवत होते, भाजी आणत होते, पण तोंडाला कुलूप. त्यांनी एकच गोष्ट केली. जुना सीडी प्लेअर पुसून मेसच्या टीव्हीला जोडला आणि जेवणाच्या वेळेला तिसरा भाग लावायला सुरुवात केली. सकाळच्या पाळीला लग्न, दुपारच्या पाळीला लग्न, रात्रीच्या पाळीला पाठवणी. बिहार-ओडिशाकडची नवी पोरं वरण-भात कालवता कालवता बघायची आणि विचारायची, शादी किसकी है, और दुल्हन के सर पे ये बर्तन काहे को? रमाकांतकाका स्क्रीनकडे बोट दाखवायचे, मग स्वतःकडे. आठवडाभरात अख्ख्या मेसला मंगलाष्टकं पाठ झाली. बाई म्हणाल्या, बंद करा ते, लोकं वरणाला अक्षता समजायला लागतील. त्यांनी बंद केलं नाही.

आखाजीच्या आधीचा रविवार शूटिंगला धरला. राखोलीला दमणगंगेच्या काठी. पाणी उतरलेलं, दगड उघडे आणि शेवाळानं गुळगुळीत. आशिषचा प्रसंग सोपा होता. बाया नदीवर कपडे धुतायत, वरून सोनम उतरते, बाया तिला बघून किंचाळत पळतात. यान नंतर कॉम्प्युटरवर येणार होतं, तूर्त एक शिडी होती, हिरव्या कापडात गुंडाळलेली. बाईचा आवाजही नंतर कॉम्प्युटरच देणार होता, म्हणून सोनमला सक्त सांगितलेलं, बोलायचं नाही, फक्त बघायचं. ती दोनदा विचारून गेली, "सर, एक पण डायलॉग नहीं?" आशिष म्हणाला, नाही, तुझ्या डोळ्यांत सगळं आहे. सोनमला ते पटलं नव्हतं.

धुणाऱ्या बाया चाळीतल्याच. त्यांची म्होरकी सुलभा, प्रमिलाबाईंच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी. आशिषने सांगितलं होतं की खोटेखोटे कपडे देतो. पण नदीवर जायचंच आहे तर खोटे कशाला, म्हणून बाया घरचं खरं धुणं घेऊन आल्या. पहिल्याच वेळी घोटाळा झाला. सोनम शिडीवर दिसली, आशिषने रुमाल हलवला, बाया उठल्या, आणि सगळ्यांनी आधी कपडे पिळून टोपल्यात भरले, मग पळाल्या. आशिष म्हणाला, आकाशातून माणूस उतरलंय, कपडे काय गोळा करताय? सुलभा म्हणाली, "साडी वाही जाई ना. आभायवाली भरी देई का?"

दुसऱ्या वेळी कपडे सोडून पळाल्या, पण हसत. शेवटच्या दोघींना हसण्यापायी पळताच येईना, त्या तिथंच बसल्या. आशिष दोन्ही वेळा ओरडला की थांबवा, आणि भास्करने दोन्ही वेळा कॅमेरा थांबवला नाही. थांबवणं त्याच्या हाडातच नाही. लग्नातला कॅमेरा बंद झाला आणि नेमकी तेव्हाच नवऱ्याची मावशी येऊन गेली, तर जन्मभर शिव्या. म्हणून तो एकदा चालू करतो तो पंगत उठेपर्यंत.

एवढ्यात रमाकांतकाकांची स्कूटर आली. मागं प्रमिलाबाई, मांडीवर वरणाचं पातेलं. डबे उतरवून बाई डाव हातात घेऊन भास्करच्या मागं उभ्या राहिल्या. सोनमला त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. उंच, सडसडीत, चंदेरी कपडे अंगाला बरोबर बसलेले, मुकुट झगझगीत. चांगली दिसत होती. बाईंनी तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं.

तिसऱ्या वेळी बाया खऱ्या किंचाळल्या. आशिष खूष. आणि सोनमचा पाय शेवाळावरून सटकला. शिडी एकीकडं, मुकुट एकीकडं, ती गुडघ्यावर. पळणाऱ्या बायांत सुलभा सगळ्यात मागं होती. तिनं वळून पाहिलं, आणि पळायचं सोडून परत आली.

"पडशी व माय. हात दे." तिनं सोनमला उठवलं, धुण्याच्या दगडावर बसवलं, मुकुट उचलून पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला. बाकीच्या बायाही एकेक करून परतल्या. भोवती कोंडाळं झालं. आशिष थांबवा म्हणाला. भास्करने ऐकलं नाही.

सगळ्या सोनमला ओळखत होत्या. खडोलीची पोरगी, बसला भेटते. पण चंदेरी कपड्यात, केस सुटलेले, गुडघा खरचटलेला, आणि आखाजीचा आठवडा. सुलभाच्या तोंडून तेच निघालं जे त्या आठवड्यात दुसरं निघत नाही.

"कोनाकडे उनी व तू?"

सोनमने आशिषकडे पाहिलं. तिला बोलायची मनाई होती.

"मुकी शे का?" दुसरी म्हणाली. "एकलीच उनी? संगे कोनी नै?"

भास्करच्या मागं उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंना आधी हसू आलं. त्यांना वाटलं, बरं झालं, फसू दे. मग त्या हसायच्या थांबल्या. बाया पोरीला विचारत होत्या आणि पोरीजवळ उत्तर नव्हतं, कारण तिला उत्तर दिलेलंच नव्हतं. बाईंनी डाव वरणात ठेवला नाही, तसाच हातात धरून त्या कोंडाळ्यात शिरल्या. अंगावर सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हाताला फोडणीचा वास.

"मन्हाकडे उनी ती," त्या म्हणाल्या. "मन्हा भाऊनी आंडेर शे. माले मूय लई उनी."

कुणी हललं नाही. बायांना सगळं एका दमात समजलं, आणि कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. आभायनी बाई इथंच होती, मसाटला, आपल्यात. वरच्या भावानं आखाजीला आपल्या लेकीला पाठवलं, फुईला, म्हणजे आत्याला, घेऊन ये म्हणून.

सुलभा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतला सालमा आते याद उनी का तुन्हा भाऊले?"

"वरला टाइम येगळा ऱ्हास व. तठे आठच दिन व्हयनात व्हतीन."

"आन तू काय करी ऱ्हायनी व्हती आठे?"

"काय करसू. डबा."

बाया खळखळून हसल्या. तेवढ्यात रमाकांतकाका, ज्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, स्कूटर स्टँडला लावून कोंडाळ्याच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. सुलभाने डोळे बारीक केले.

"हाऊ कोन?"

"जवाई शे तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आभायवालास्ना."

रमाकांतकाकांनी वर आभाळाकडे बघून नमस्कार केला, जसा सासऱ्याला करतात.

मग कुणीतरी म्हणालं वरण निवतंय, आणि सगळं मोडलं. तरी भास्करचा कॅमेरा चालूच होता, बाया जेवायला बसेपर्यंत.

आशिष एका दगडावर बसला होता. त्यानं डब्याला हात लावला नाही. भास्करने कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यावर त्याला सगळं परत दाखवलं. एकदा बघून त्यानं परत मागितलं. दुसऱ्यांदा ‘वरला टाइम’पाशी तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तिसरा भाग झाला, असं धरावं लागणार," तो म्हणाला.

"झालाच होता," भास्कर म्हणाला. "मी होतो तिथं."

आशिषला चिंता वेगळी होती. नव्या पोरांचं काय? मेस चालवणारी बाई बघायला पुण्यातली, दुबईतली पोरं येतील का? त्यानं हे सगळ्यांसमोर विचारलं, आणि उत्तर सोनमने दिलं. ती पोळीचा तुकडा वरणात बुडवून खात होती, गुडघ्यावर हळद लावलेली.

"सर, मला डायलॉग मिळणार की नाही, एवढं सांगा. भाची चालेल मला. भाची उडू शकते ना?"

आशिषने विचार केला. "उडेल."

"मग झालं. माणसं मी थिजवते. फोई डबे भरेल. दोघी लागतील." फुईला ती गुजराती शेजाऱ्यांसारखं फोई म्हणाली, आणि बायांना ते चाललं.

तिथंच जेवता जेवता ठरलं. आभायनी बाई प्रमिलाबाईच. त्या मरत नाहीत. सोनम भाची, तिला स्वतःचा आवाज, आणि अहिराणी शिकवायचं काम सुलभाकडं. आशिषने मात्र एक हट्ट सोडला नाही. सोनमचं लग्न सहाव्या भागापर्यंत काढायचं नाही, कुणी भाजीबाजारात अडवलं तरी नाही. बायांनी एकमेकींकडं बघितलं. "दखसूत," सुलभा म्हणाली. प्रमिलाबाईंनी मात्र आशिषची बाजू घेतली. पोरीला उडू द्या आधी, म्हणाल्या, गुडघा बरा झाला की.

रमाकांतकाकांना एकच विचारायचं होतं, पुढच्या वेळी शर्ट कोणता घालू. आशिष म्हणाला, हाच राहू द्या, जुळला पाहिजे. काका खूष झाले आणि परत बोलायला लागले. इतके, की स्कूटर सुरू करेपर्यंत पाचव्या भागात आपल्याला एकदा वर नेऊन आणावं, सासुरवाडी बघायची राहिलीय, इथपर्यंत आले होते.

आशिष बाईंजवळ आला. भांडी मोजून देत होता. म्हणाला, "मावशी, पुढचा सीन काय? भाची न्यायला आलीय. तुम्ही जाता की नाही?"

प्रमिलाबाई पातेल्याला फडकं बांधत होत्या. त्यांनी जरा विचार केला. उगाच नाही, खरा.

"जासू ना. भाऊनी बलावं तं जानं पडस. पन आखाजीना दिन नै भो, तवय डबा जास्ती ऱ्हातस. दुसरा दिन लई ये म्हना तुन्हं ते यान. मुकुट मी घरून लयसू, तो नवा नको. डोकाले बठत नै त्यास्ना."

मग त्यांनी सुलभाला हाक मारली. ती अजून सोनमला ‘शे’ आणि ‘व्हता’ शिकवत होती. दुसरी पाळी सुटायच्या आत दीडशे पोळ्या व्हायच्या होत्या आणि पीठ अजून चाळलेलंही नव्हतं. स्कूटरवर तिघं बसले, पातेलं मधे. मसाटला पोचल्यावर बाईंनी पदर खोचला, गॅस पेटवला, तूरडाळ धुवायला घेतली आणि रमाकांतकाकांना म्हणाल्या, टीव्ही नंतर लावा, आधी कोथिंबीर निवडा.